सेनापतीचा डावा गाल

कापुआत दाढी करायची तर उंब्रिओकडे. बाकीचे न्हावी नुसता गाल कापतात. उंब्रिओ गाल कापतो आणि वर गावच्या बातम्या चोळतो, त्यामुळे झोंबतंय ते नेमकं काय, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पानिस्कस सोंगाड्या त्या सकाळी त्याच्या बाकावर मान टाकून बसला होता. हाताला काम नव्हतं. उन्हाळा सरत आला होता, अंजिरं स्वस्त झाली होती आणि गावात बऱ्याच दिवसांत कोणी मोठं माणूस मेलं नव्हतं.

"कोणी मरत का नाही रे हल्ली?" पानिस्कस म्हणाला.

"बोलू नकोस, ओठ जाईल." उंब्रिओनं वस्तरा दगडावर ओढला. "परवा तो डाळवाला गेला की."

"डाळवाल्याचं काय सोंग काढू? तराजूत अंगठा दाबला की संपलं. तेवढं त्याची बायकोपण करते, आणि ती तर अजून जिवंत आहे."

सोंगाड्याचा धंदाच तसा. घरंदाज माणूस मेला की पुढं रणशिंगं, मागं भाड्याच्या रडणाऱ्या बाया, मग पितरांचे मेणाचे मुखवटे चढवलेली माणसं, आणि तिरडीच्या अगदी पुढं, मेलेल्याचेच कपडे घालून, मेलेल्याचाच मुखवटा लावून सोंगाड्या. तो मेलेल्यासारखा चालणार, मेलेल्यासारखा खाकरणार, रडणाऱ्या बायांना म्हणणार, हळू रडा गं, घसे पुरवून वापरा. लोकांनी हसलं पाहिजे. हसून वाटेला लावलं नाही तर मेलेला उंबरठ्यापाशी घोटाळत राहतो, हे कापुआत कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. न्यायाधीशांना ठाऊक नसेल, पण त्यांना बाकीचंही फारसं ठाऊक नसतं.

"दुसरा गाल," उंब्रिओ म्हणाला आणि पानिस्कसनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात दारात उजेड अडला. व्हल्गियाबाईंचा कारभारी उभा होता, काळा अंगरखा घालून.

"बाईंनी बोलावलंय. मालक आले."

उंब्रिओचा वस्तरा हवेत राहिला. "सेनापती? कुठून आले, कधी आले?"

"मडक्यातून आले," कारभारी म्हणाला. "सकाळीच."

सेनापती ऑफिडियस हे नाव कापुआत सगळ्यांच्या तोंडी होतं आणि माणूस कोणाच्याच डोळ्यांपुढं नव्हता. उत्तरेकडच्या नदीवर तो इतकी वर्षं लढत होता, की इथं त्याच्या नावाची पोरं जन्मून, मिशा फुटून, त्यांची लग्नंही झाली होती. नदीपलीकडची टोळी त्यानं मोडली तेव्हा त्याच्या मानासाठी सोन्याचं नाणं पाडलं होतं, त्यावर त्याचं तोंड. ते नाणं कापुआत कोणी पाहिलेलं नव्हतं, सोनं काही रस्त्यानं हिंडत नाही. पण पाहिलंय असं सगळेच सांगत, आणि दर वेळी नाक वेगळं सांगत.

पानिस्कस मात्र गाल पुसून लगेच उठला. त्याची मुलगी थालुसा त्या घरात दासी होती. तिची आई त्या घरची दासी, म्हणून तीही दासी. आई तापानं गेली. पानिस्कस लोकांना हसवून हसवून स्वतः गुलामीतून सुटला, पण पोर मागं राहिली.

व्हल्गियाबाई आतल्या चौकात बसल्या होत्या. समोर चौरंगावर अस्थींचं भांडं, आणि त्याच्या शेजारी थाळीत पिवळट मेणाचा एक गोळा.

"हा मुखवटा," बाई म्हणाल्या. "छावणीतच त्यांच्या तोंडावरून घेतला होता. गाडीवान वाटेत दारू प्यायला थांबला, गाडी उन्हात."

पानिस्कसनं गोळ्याकडं पाहिलं. त्यातून एक कान तेवढा ओळखू येत होता. त्याच्या जिभेवर विनोद आला होता, तो त्यानं गिळला.

"तुला मुखवट्याशिवाय करावं लागेल. आमच्याकडे एवढंच आहे." बाईंनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. घरच्या देवांच्या पायाशी, नाणं टेकवायच्या पितळेच्या छोट्या घोडीवर ते नाणं उभं होतं. उजवीकडं बघणारं तोंड, जाड मान, खालचा ओठ किंचित पुढं. भोवती बारीक मण्यांची कड. हे तोंड कोणाकडं बघत नव्हतं. काठापलीकडं काहीतरी होतं, त्याकडं बघत होतं.

"ही तर एकच बाजू झाली, बाईसाहेब. डावीकडून कसे दिसायचे?"



"लग्नानंतर एक उन्हाळा घरात होते," त्या म्हणाल्या. "मला नेहमी उजव्या हाताला ठेवायचे. जेवताना, झोपताना, अंगणात फिरताना. मी लहान होते. विचारायची पद्धत नव्हती."

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. अंत्ययात्रा झाली की त्या हे घर मोडून सिसिलीला भावाकडं जाणार. नोकरमाणसं सगळी बरोबर. भावाची गंधकाची खाण आहे.

"मला ते एकदा या गावातून चालत गेलेले बघायचेत. लोक म्हणाले 'हे तर सेनापती', तर तुझ्या मुलीच्या डोक्यावर टोपी चढेल, ती मोकळी. लोक म्हणाले 'हा पानिस्कस माकडचेष्टा करतोय', तर ती बोटीत चढेल."

"आणि हसले तर चालेल ना?"

"हसू देत. पण त्यांना हसू देत, तुला नको."

नाणं त्यांनी अभ्यासाला घरी न्यायला दिलं. यात्रेच्या दिवशी परत आणायचं, अस्थींबरोबर ठेवायचं होतं. थालुसा दारापर्यंत पोचवायला आली. सुटण्याचं कळलं होतं तिला, पण चेहऱ्यावर काही आणत नव्हती. त्या घरात तशीच सवय लावतात.

"बाबा, त्यांना फार चिडवू नका."

"अगं, मेलेला चिडून करणार काय? फार तर पुन्हा मरेल."

"आम्ही रोज सकाळी त्यांच्या या नाण्यापुढं रांगेत उभे राहतो. 'आज्ञा, मालक' म्हणायचं, मग कामाला लागायचं. बाईंची शिस्त आहे." तिनं आवाज उतरवला. "मग मी त्यांना पुसून घोडीवर ठेवते. पाठ फिरवली की कधी कधी… फरशीवर नाणं फिरवल्यासारखा आवाज येतो. फिरतंच राहतो, पडत नाही. वळून बघितलं तर जागच्या जागी असतं."

"उंदीर असेल."

"असेल," थालुसा म्हणाली. बाप थापा मारतो हे तिला पाळण्यापासून माहीत होतं.

पानिस्कसची खोली धोबीघाटावरच्या माडीवर होती. खाली मळ निघावा म्हणून कपडे शिळ्या मुतात तुडवत, त्याचा वास वर जिन्यानं येई आणि जायचं नाव घेत नसे. पानिस्कस म्हणायचा, माझ्याकडं पाहुणे येत नाहीत हा त्या वासाचा गुण, पाहुण्यांचा दोष नाही. नाणं त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं, पितळी आरसा काढला आणि कामाला लागला. मेणानं नाकाचं हाड उचललं, मान ताठ केली, ओठ पुढं काढला. दुपारपर्यंत उजवी बाजू जमली. डावीवर तो शालीचा पदर ओढणार होता. प्रार्थनेला पदर घेतात तसा. पदर डोक्यावरून डाव्या गालावर. कोणी विचारलंच तर म्हणायचं, सेनापती धार्मिक होते. मेलेल्या माणसाला धार्मिक करायला काही लागत नाही.

चाल शिकवायला माकेर आला. अस्थी घेऊन आलेला जुना शिपाई, हाडकुळा, दात कमी आणि भूक जास्त. पानिस्कसनं त्याला वाटाणे, पाव आणि माशांच्या खारट रसाची वाटी दिली. माकेर आधी खोलीभर नजर फिरवून, पानिस्कसच्या उजव्या हाताला येऊन बसला.

"पाऊल जड टाक," तो खाता खाता सांगत होता. "टाच आधी. बोलायचं नाही. ते बोलत नसत फारसे. डावा हात असा मांडीवर. दोन बोटं वर केली, म्हणजे थांब. दोन बोटं पुढं वाकली, म्हणजे जा. कुठं ते विचारायचं नाही."

पानिस्कसनं करून दाखवलं. माकेरनं वाटाणा गिळला आणि ताठ झाला. ज्याची टर उडवली तो सरदारच निघावा तसं त्याच्या तोंडावर झालं.

"बरं जमलं," तो म्हणाला, पण खुशीत नव्हता.

"डावीकडून कसे होते रे?"

माकेर पावाचा तुकडा बोटांत चुरत राहिला.

"मी त्यांच्या डाव्या हाताला कधी उभा राहिलो नाही."

"सबंध लढाईत?"

"कोणीच राहिलं नाही. म्हणजे, एक राहिला होता. नवा पोऱ्या, जेवण घेऊन चुकून त्या अंगानं तंबूत शिरला. काही झालं नाही त्याला. आला, जेवला, झोपला. फक्त त्यानंतर… मधेच उठून उभा राहायचा. हुकूम आल्यासारखा. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. एकदा तसाच उठला आणि नदीत चालत गेला. टाच आधी टाकत."

"तू बुडवलास का त्याला, दारूच्या वाटणीवरून?"

माकेर हसला नाही. त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि भिंतीला पाठ लावत, कडेकडेनं, खिडकीतल्या नाण्याला वळसा घालून निघून गेला.

दुपार तापली. कापुआत त्या वेळी सगळे झोपतात. चोर झोपतात, चोरांना पकडणारे त्यांच्या आधी झोपतात. खालची तुडवातुडव थांबली. पानिस्कस आरशापुढं बसला होता, आणि त्याला आधी जाणवलं ते हे, की वास गेलाय. इतकी वर्षं जो मुताचा वास त्याच्या अंथरुणात झोपत होता, तो नव्हता. त्याच्या जागी ओल्या राखेचा वास होता. आणि गार चिखलाचा.

मग आवाज. दगडावर नाणं फिरतंय असा. फिरत फिरत मंद होतो, आता पडेल, आता पडेल… आणि पडत नाही.

जिन्याच्या दारात माणूस उभा होता. उजवीकडं तोंड करून. उन्हाची तिरीप त्याच्या जाड मानेवर.

"काय विसरलास, माकेर?" पानिस्कस म्हणाला.

 पानिस्कस उठला. दोन पावलं डावीकडं सरकला, म्हणजे तोंड समोरून दिसेल. तोंड समोरून दिसलं नाही. तोच कान, तोच गाल, तोच पुढं आलेला ओठ. माणूस वळला नव्हता, हललाही नव्हता. पानिस्कस भिंतीपर्यंत गेला, मग दुसऱ्या भिंतीपर्यंत आला. खोली त्याच्याभोवती फिरली, पण ते तोंड त्याला एकाच अंगानं दिसत राहिलं.

पानिस्कसच्या पाठीवरून घाम उतरला. पण तो सोंगाड्या होता. भीतीनं सोंगाड्याचे पाय पळत नाहीत, जीभ पळते. आणि धंद्यातला जुना रिवाज तोंडपाठ. मुखवटा चढवण्याआधी मेलेल्याला एक वाक्य म्हणायचं असतं, गुरूनं शिष्याला दिलेलं, त्याच्या गुरूनं त्याला. प्रत्येक यात्रेला त्यानं ते म्हटलेलं. इथं मुखवटा नव्हता, पण जिभेला काय त्याचं.

"माझं तोंड घ्या, सरकार," तो म्हणाला, आणि घाबरलेला माणूस करतो तशी वर थोडी थट्टाही केली. "डावी बाजू रिकामीच आहे. चितेपर्यंत वापरा. चितेपाशी परत द्या."

फिरणारा आवाज थांबला. नाणं पडल्याचा आवाज आला नाही. नुसता थांबला.

दारात कोणी नव्हतं. खाली कोणीतरी जांभई दिली, पाणी ओतलं, आणि मुताचा वास जिना चढून घरच्यासारखा आत आला. पानिस्कसला आयुष्यात पहिल्यांदा तो वास गोड लागला.

यात्रेला अख्खं कापुआ लोटलं. कापुआच्या लोकांना फुकट रडायला फार आवडतं, फुकट हसायला त्याहून जास्त, आणि इथं दोन्ही होतं. भर उन्हात मशाली पेटवल्या होत्या. रणशिंगं, रडणाऱ्या बाया, मुखवट्यातली पितरं रथांवर, त्यातल्या एका पणजोबाला मध्येच शिंक आली. रिकाम्या तिरडीवर अस्थींचं भांडं. आणि पुढं पानिस्कस, सेनापतीचा लाल झगा, डोक्यावरून डाव्या गालावर ओढलेला पदर.

त्यानं टाच टाकली आणि उजवीकडची गर्दी गलबलली. "सेनापती," कोणी म्हणालं. म्हातारे पुढं झुकले. मग त्यानं रडणाऱ्या बायांकडं मान वळवून दोन बोटं वर केली, बाया गप्प झाल्या, आणि उजवीकडचे लोक खो-खो हसले. त्यानं एका पितराच्या रथाचं चाक तपासलं. हसले. मिठाईवाल्याच्या थाळीकडं पाहिलं, थाळी जप्त केल्यासारखं. हसले. थालुसा मागं दासींच्या घोळक्यात होती, उघड्या डोक्यानं. पानिस्कसनं मनात म्हटलं, पोरी, टोपीचं माप काढून ठेव.

सोंगाड्याचे कान हशावर जगतात. चौकाच्या अलीकडं त्याच्या लक्षात आलं, की हसतेय ती एकच बाजू.

रस्त्याला दोन बाजू असतात. उजवीकडं दात, टाळ्या, शिट्या. डावीकडं काही नाही. कुजबूजसुद्धा नाही. त्याला वाटलं, उन्हं त्यांच्या डोळ्यांवर असतील. पदर चाचपला, पदर जागेवर होता. त्यानं डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. माणसं ओळीनं उभी होती, सरळ, हात अंगाला चिकटवून, मान खाली. बायकासुद्धा. एक कुत्रं पोटावर झोपून शेपटी आत घेऊन. आणि त्या ओळीत उंब्रिओ न्हावी, ज्यानं स्वतःच्या सासऱ्याच्या यात्रेतही तोंड मिटलं नव्हतं, तो ओठ घट्ट मिटून पायाकडं बघत होता.

"उंब्रिओ," पानिस्कस ओठ न हलवता पुटपुटला. "अरे, मी आहे… मी…"

उंब्रिओनं मान आणखी खाली घातली.

पानिस्कसच्या डाव्या कानात बारीक आवाज सुरू झाला. फिरणाऱ्या नाण्याचा.

थांबता येत नव्हतं. टाच आधी. टाच आधी. थांबला असता तर यात्रा मोडली असती, यात्रा मोडली असती तर थालुसा बोटीत. तो चालत राहिला. अर्धं गाव हसत होतं आणि अर्धं गाव गाडल्यासारखं उभं होतं, आणि दोघांच्या मधून तो असा गेला, की त्या दिवसापासून कापुआत या यात्रेच्या दोन गोष्टी सांगतात आणि रस्त्याच्या या अंगाचे त्या अंगाच्यांना खोटं पाडतात.

थडगी गावाबाहेर, मोठ्या दगडी रस्त्याच्या कडेला. व्हल्गियाबाई थडग्याच्या दारापाशी उभ्या होत्या. जागा अशी, की पानिस्कस पोचला तेव्हा त्या त्याच्या डाव्या हाताला आल्या. वाऱ्यानं पदर उडाला. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. किंचाळल्या नाहीत. हळूहळू त्यांच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या, आणि त्या एखाद्या नव्या नवरीसारख्या पुटपुटल्या,

"तर असे होतात तुम्ही…"

मग त्यांनी कारभाऱ्याला खूण केली. थालुसाच्या डोक्यावर पांढऱ्या लोकरीची टोपी बसली. पोरगी रडली, बापाच्या उजव्या बाजूनं येऊन त्याच्या गळ्यात पडली, आणि पानिस्कसलाही रडू आलं. त्याला जाणवलं, की ते एकाच डोळ्यातून येतंय.

बाईंनी नाणं अस्थींत ठेवलं, झाकण लावलं, शिसं ओतून बंद केलं. थडग्याचं दार लागलं. लोक जेवणाकडं पळाले.

पानिस्कस रिवाजाप्रमाणे तोंड धुवायला निघाला. सोंग उतरवायचं ते चितेपाशी. ज्वाळा चढली की तिच्याकडं तोंड करून म्हणायचं, झालं, माझं मला परत द्या. त्यानं तोंडावर पाणी मारलं, मेणाचं नाक काढलं, पदर फेकला आणि चितेकडं वळला.

तिथं गवत होतं. एक पाल ऊन खात बसली होती.

चिता उत्तरेत झाली होती. नदीकाठी, छावणीत, केव्हाच. माकेरनं स्वतःच्या हातानं लाकडं रचली होती. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, गावाला माहीत होतं, मडक्यातून आलेल्या माणसाची चिता झालेली असते हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तरी त्यानं सवयीनं म्हटलं होतं, चितेपर्यंत.

"झालं, सरकार," तो गवताला म्हणाला. "माझं मला… परत द्या."

कानातला आवाज फिरत राहिला.

आता सगळं ठीक आहे. थालुसा बापाकडं राहते, लोकर कातते, गल्लीतल्या कुंभाराशी भांडते, बहुधा त्याच्याशीच लग्न करेल. घरात गाणं म्हणते. सोंगाड्याचा धंदा त्यानं सोडला. मेलेल्यांचं आता इतर कोणी बघावं. दाढीला तो अजून उंब्रिओकडं जातो. उंब्रिओ उजवा गाल घोटतो, बातम्या सांगतो, खिदळतो. मग वस्तरा पुसून ठेवतो.

"दुसरा?" पानिस्कस म्हणतो.

"झाला की."

"अरे, हात नाही लावलास."

"झाला म्हटलं ना," उंब्रिओ म्हणतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोलावतो. पानिस्कस रस्त्यात गाल चाचपतो. खरंच झालेला असतो. गुळगुळीत, गार. त्या गालावर यात्रेनंतर एकही केस उगवलेला नाही. आरसा त्यानं थालुसाला देऊन टाकला.

घरात तो डावी बाजू भिंतीला लावून बसतो, झोपतो. कोणी विचारलं तर म्हणतो, भिंत पडेल म्हणून टेकू दिलाय. थालुसा हसते. ती उजवीकडून आली की म्हणते, "बाबा, वाटाणे निवले, उठा की आता." तिला परवाचं काही आठवत नाही, आणि त्यानं सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी उन्हं उतरताना तो उंबरठ्यावर बसला होता, उजव्या हातात अंजीर. थालुसा हौदावरून पाणी घेऊन आली, आणि वाटेत गाढव आडवं होतं म्हणून त्या अंगानं आली. तिच्या पावलांचा आवाज थांबला. घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. गाणं थांबलं.

"पोरी?" पानिस्कस म्हणाला.

ती टोपीसकट मान खाली घालून उभी होती, हात अंगाला चिकटवून.

"आज्ञा, मालक," ती म्हणाली.

 मांडीवर त्याचा डावा हात होता. त्या हाताची दोन बोटं सावकाश वर झाली, आणि त्यानं ती उचलली नव्हती. अंजीर टाकून त्यानं उजव्या हातानं ती दोन्ही बोटं मुठीत धरली, घट्ट, गाढव हलेपर्यंत, थालुसा डोळे चोळत पुन्हा घागर उचलेपर्यंत.

तेव्हापासून तो तशीच धरून बसलेला दिसतो. थंडी वाजते म्हणून सांगतो. बोटं वरच आहेत. अजून पुढं वाकलेली नाहीत.